स्लॅबला पाणी कोण मारणार

जन्मभर विटा उचललेल्या माणसाने सहासष्टाव्या वर्षी विमानात बसून परदेशी जावं, आणि तिथं जाऊन काय करावं? तर पुन्हा विटाच उचलाव्यात! मिस्त्रींच्या शेजाऱ्यांनी याला नशीब म्हटलं होतं, मेहुणीने हौस म्हटलं होतं, आणि मिस्त्रींचे गुडघे रोज संध्याकाळी याला जे म्हणत होते ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही.

मिस्त्री म्हणजे आपले गवंडी. चाळीस वर्षं हातात थापी होती, ती सहा वर्षांपूर्वी गुडघ्यांनी सोडायला लावली. ज्या संस्थेबरोबर ते आले होते तिचं काम असं, की देशोदेशीची माणसं पंधरा-पंधरा दिवसांसाठी येतात, एखाद्या वस्तीसाठी काहीतरी बांधतात आणि परत जातात. हौसेने येतात, फुकट राबतात. एक तुकडी गेली की दुसरी येते. अर्जात एक रकाना होता, 'बांधकामाचा पूर्वानुभव, असल्यास'. तुकडीतल्या बाकीच्या अकरा जणांनी तिथं काही ना काही लिहिलं होतं. एकाने तर लहानपणी कुत्र्याचं घर बांधल्याचं लिहिलं होतं. मिस्त्रींच्या अर्जात त्यांच्या लेकीने लिहिलं, 'चाळीस वर्षं'. संस्थेच्या कचेरीतून उलट विचारणा आली, की आकडा चुकला आहे का?

ही लेकच तिथल्या कामाची प्रमुख. साईटवर सगळे तिला मॅडम म्हणत. घरी तिचं नाव भिंगरी, कारण लहानपणी एका जागी ठरेल तर शपथ. बापाच्या मागे साईटवर फिरून फिरून तिने बांधकामाचा डिप्लोमा केला, या संस्थेत लागली, आणि जी गेली ती गेलीच. तीन वर्षांत घरी आली नव्हती. दोनदा तिकीट काढलं होतं आणि दोन्ही वेळा रद्द केलं होतं.

तर खरी गोष्ट अशी, की मिस्त्री विटा उचलायला आलेच नव्हते. ते लेकीला उचलून न्यायला आले होते.

घरी बायकोच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. उजवा डोळा लहानपणीच कामातून गेलेला, म्हणजे जे काय दिसायचं ते या एकाच डोळ्याने. डॉक्टर म्हणाले, आता लांबवू नका, फुटला तर पंचाईत होईल. महिनाअखेरची गुरुवारची तारीखही दिली. बाई म्हणाल्या, "भिंगरी उशाशी असल्याशिवाय मी डोळ्याला हात लावू द्यायची नाही." मिस्त्रींनी समजावलं, मग रागावून पाहिलं, बाईंच्या धाकट्या बहिणीने रडून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी! इकडे भिंगरी फोनवर म्हणायची, "येते गं आई, हे एवढं काम झालं की येतेच." हे 'एवढं काम' तीन वर्षं चाललं होतं. शेवटी बाईंनीच नवऱ्याची बॅग भरली, चाचपडत चाचपडत, सदऱ्यांची बटणं बोटांनी मोजत. आणि निघताना सांगितलं, "पोरीला घेऊन या. नाहीतर तुम्हीही येऊ नका."

आल्या दिवशी भिंगरीने बापाला साईट दाखवली. लांबच लांब सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना माल भरायची गोदामं, आणि त्यांच्या पाठीमागे वस्ती. वस्तीतल्या बाया पहाटे गोदामांत कामाला जायच्या आणि दिवेलागणीला परतायच्या. त्यांची पोरं सांभाळायला एक बाई होती, उंचीने बुटकी, आवाजाने खणखणीत. तिचं पाळणाघर म्हणजे चार खांब आणि वर पत्रा. दुपारी पत्रा असा तापायचा की पोरं झोपायच्या ऐवजी किरकिरायची, आणि ती अठरा पोरांना ओल्या फडक्याने पुसत बसायची. तिच्यासाठी दोन खोल्या आणि एक पडवी बांधायची होती, वर पक्का स्लॅब.

"आणि हे बघा," असं म्हणून भिंगरी त्यांना रस्त्यापलीकडे घेऊन गेली. तिथं गेल्या वर्षी संस्थेने बांधलेला दवाखाना होता. बाहेरून छान, रंग वगैरे दिलेला. आत मिस्त्रींनी वर पाहिलं. स्लॅबला एका कोपऱ्यापासून मधल्या पंख्यापर्यंत चीर गेलेली, आणि तिच्याखाली नर्सच्या टेबलावर प्लास्टिकची बादली ठेवलेली.

"पाणी कमी मारलं," मिस्त्री म्हणाले.

"मारलंच नाही," भिंगरी म्हणाली. "स्लॅब टाकला आणि मला सहा दिवस कचेरीत बोलावलं. तुकडीला सांगून गेले होते. त्यांना वाटलं गवंडी मारेल. गवंडी रोजावरचा, स्लॅब पडला की तो दुसऱ्या कामावर. वस्तीला वाटलं, तुकडी मारतेय. सगळ्यांचं काम ते कुणाचंच नाही."

आता ज्यांनी कधी घर बांधलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. स्लॅब टाकला म्हणजे काम संपलं असं नसतं, तिथून खरं काम सुरू होतं. सिमेंट धरायला पाणी लागतं. पुढचे चौदा दिवस स्लॅब ओला राहिला पाहिजे, एक दिवसही वाळता कामा नये. म्हणून वर मातीचे किंवा सिमेंट-वाळूच्या मसाल्याचे छोटे बांध घालून, शेतात करतात तसे वाफे करायचे, त्यात पाणी भरून ठेवायचं, आणि आटलं की पुन्हा भरायचं. यात ना कौतुक ना फोटो. विटा रचताना माणूस शंभर फोटो काढतो, पण पाणी मारतानाचा फोटो मिस्त्रींनी आयुष्यात पाहिला नव्हता.

तुकडीतली माणसं मात्र गुणाची होती, खोटं कशाला बोला. एक ताडमाड उंच पोरगा होता, त्याला मिस्त्री मनातल्या मनात लंब्या म्हणायचे. एक निवृत्त शिक्षिका होती, दोन बहिणी होत्या, एक जाडजूड बँकवाला होता. भाषेचा पत्ता नाही, पण हातवारे आणि हसू यांवर सगळं चालायचं. लंब्या पहिल्या दिवशी भिंत सरळ आहे का ते बघायचा ओळंबा गळ्यात घालून फिरला. त्याला वाटलं, मानाचं काही असेल. तिसऱ्या दिवशी त्याने रचलेली भिंत अशी पोटुशी निघाली की मिस्त्रींनी चार थर मुकाट्याने उतरवले आणि त्यालाच पुन्हा रचायला लावले. पाचव्या दिवशी भिंत सरळ आली. लंब्याने मिस्त्रींना उचलून गर्रकन फिरवलं. मिस्त्री म्हणाले, "अरे सोड मेल्या, गुडघे!" पण मनातून बरं वाटलं.

संध्याकाळी मात्र अंगाचं पार भुसकट व्हायचं. तुकडीला एका शाळेच्या वर्गात गाद्या टाकून दिल्या होत्या. मिस्त्री भिंतीला पाठ टेकून बसायचे, पाय लांब करायचे आणि फळ्याकडे बघत राहायचे. भिंगरी यायची, तेलाची बाटली घेऊन त्यांच्या गुडघ्यांना चोळायची, आणि चोळता चोळता तिचाच डोळा लागायचा. बसल्या जागी, हातात बाटली तशीच. चौतिसाव्या वर्षी पोरीच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं, हाताला घट्टे, केस कसेतरी बांधलेले. मिस्त्री तिला उठवायचे नाहीत. माझ्यापेक्षा ही जास्त दमलीय, असं त्यांना वाटायचं, आणि त्याचं त्यांना फार वाईट वाटायचं.

रोज दुपारी बायकोचा फोन यायचा.

"विचारलंत का?"

"विचारतो गं. आधी स्लॅब पडू दे."

"तुमचा स्लॅब मला ठाऊक आहे," बाई म्हणायच्या. "तुम्हाला लेकीपेक्षा स्लॅब सख्खा."

हा टोमणा जुना होता, चौतीस वर्षांचा. मिस्त्री त्यावर कधी बोलत नसत.

दुसऱ्या आठवड्यात मंगळवारी स्लॅब पडला. काय दिवस होता तो! सकाळी सहाला मिक्सर सुरू झाला. शिडीवर माणसांची रांग लागली, घमेली या हातातून त्या हातात वर चढू लागली. वस्तीतल्या काही बायांनी त्या दिवशी कामावर खाडा केला आणि रांगेत उभ्या राहिल्या. पाळणाघरवाली अठरा पोरांना दोरीपलीकडे बसवून तिथूनच आरडाओरडा करत होती, आणि तिचा प्रत्येक शब्द मिस्त्रींना भाषा न येताही कळत होता. बँकवाला घामाने निथळत होता, पण जागचा हलला नाही. वर मिस्त्री आणि तिथला रोजावरचा गवंडी, दोघे म्हातारे, ओल्या काँक्रीटवर रंधा फिरवून ते सपाट करत मागे मागे सरकत होते. एकमेकांशी एक अक्षर बोलले नाहीत आणि एकदाही एकमेकांना धडकले नाहीत. दुपारी दोनला शेवटचं घमेलं पडलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मिस्त्रींना शिडीवरून उतरताना लंब्याने जवळजवळ कडेवर घेतलं.

बुधवारी सकाळी मिस्त्रींनी एकट्याने वाफे केले आणि पाणी भरलं. गुरुवारी दुपारी स्लॅबच्या सावलीत, टेकूंच्या जंगलात दोन विटांवर बसून त्यांनी लेकीला विचारलंच.

"भिंगरे, शनिवारी माझ्याबरोबर चल. आईचं ऑपरेशन पुढच्या गुरुवारी आहे. ती तुझ्याशिवाय करून घेणार नाही. आणि फुटला तर तिला मग कायमचा अंधार."

भिंगरीने डोक्यावरचं फडकं काढून तोंड पुसलं. मग म्हणाली, "मला कळत नाही का बाबा? मला रोज कळतं. मला झोप लागत नाही."

"मग?"

"पाणी कोण मारणार?"

"रविवारी नवी तुकडी येतेय. तिच्याबरोबर कचेरीतला साहेबही येतोय, तो तुझ्या जागी बघेल. एक दिवसाचा प्रश्न, तो ही पाळणाघरवाली बघेल. मी तिला खुणेने सांगतो. तुकडीला आज तू नीट समजावून सांग, ते पुढच्या तुकडीला सांगतील. माणसं चांगली आहेत गं."

भिंगरीने बराच वेळ टेकू मोजल्यासारखं केलं. मग तिने फोन काढला, तिकीट बघितलं, आणि म्हणाली, "येते."

एवढा एकच शब्द. मिस्त्रींनी लगेच घरी फोन लावला. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग बाई म्हणाल्या, "तिला ते मऊ भाताचं काहीतरी आवडायचं, विचारा अजून आवडतं का." मिस्त्रींच्या डोक्यावरचा डोंगर उतरला. त्या संध्याकाळी त्यांचे गुडघेसुद्धा जरा सभ्यपणे वागले. भिंगरीने सगळ्या तुकडीला गोळा करून पाण्याचं महत्त्व सांगितलं. सगळ्यांनी ऐकलं, माना डोलावल्या. शिक्षिकेने तर वहीत लिहून घेतलं.

शुक्रवार उजाडला. शुक्रवारी सकाळी मिस्त्री आणि भिंगरी सामान परत करायला रस्त्याच्या टोकाच्या दुकानात गेले होते. सेंट्रिंगच्या उरलेल्या प्लेटा, भाड्याचा मिक्सर, हे आणि ते. परत यायला बारा वाजले. ऊन मी म्हणत होतं.

साईटवर आले तर जागा लखलखीत. विटांचे तुकडे एका कोपऱ्यात रचलेले, घमेली धुऊन पालथी घातलेली, झाडू उभे केलेले. अख्खी तुकडी दारात रांगेने उभी, सगळ्यांच्या तोंडावर पाहुण्यांना फराळाला बसवल्यासारखा आनंद. लंब्याने मिस्त्रींचा हात धरला आणि शिडीकडे नेलं. चला, वर चला, बघा!

मिस्त्री वर चढले. आणि शिडीच्या शेवटच्या पायरीवरच थांबले.

स्लॅब कोरडा ठणठणीत होता. वाफ्यांचे बांध खरवडून काढलेले. पाणी झाडूने लोटून खाली सोडलेलं. आणि उरलेला ओलावा, देवा रे, तो फडक्यांनी पुसून घेतला होता! कडेला दोरीवर फडकी वाळत होती, ओळीने. शिक्षिका एका कोपऱ्यात गुडघ्यावर बसून शेवटची चिखलाची खपली नखाने काढत होती.

"अरे मेल्यांनो, काय केलंत हे!" मिस्त्री ओरडले.

तुकडीने टाळ्या वाजवल्या.

भिंगरी मागून चढली. तिने पाहिलं आणि तिचा चेहरा पडला. तिने त्यांना विचारलं, हे का केलं. त्यांनी सांगितलं, आणि सांगताना हळूहळू एकेकाचं हसू मावळत गेलं. काल मॅडमनी पाण्याचं सांगितलं होतं, ते लक्षात होतं. पण पाणी आठवड्याभराच्या यादीत कुठंच नव्हतं, आणि यादीत शुक्रवारच्या शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, 'जाण्यापूर्वी संपूर्ण जागा स्वच्छ व कोरडी करून द्यावी'. आधी सफाई करू, मग पाणी घालू, असं काही जण म्हणाले होते. मग कुणीतरी म्हणालं, इतका छान स्वच्छ झालाय, आता नव्या तुकडीला असाच दाखवू. यादी दर तुकडीला दिली जायची. ती भिंगरीनेच केली होती, तीन वर्षांपूर्वी, दुसऱ्याच कुठल्या तरी कामासाठी.

मिस्त्रींनी तुकडीच्या चेहऱ्यांकडे पाहिलं. रागावणार कुणावर? त्यांनी लंब्याच्या पाठीवर थाप मारली, पाईपकडे बोट दाखवलं, आणि सगळे पळापळ करत पाणी आणायला लागले. शिक्षिका रडायला लागली होती. मिस्त्रींनी तिला खाली सावलीत बसवलं. एका दुपारच्या उन्हाने स्लॅब मरत नाही, हे त्यांना माहीत होतं. अजून वेळ गेलेली नव्हती. तासाभरात नवे बांध घातले, स्लॅब पुन्हा पाण्याखाली गेला.

पण भिंगरी खाली टेकूंमध्ये जाऊन बसली होती. मिस्त्री पाय ओढत तिच्याजवळ गेले.

"मी नाही येत बाबा," ती म्हणाली.

"अगं..."

"बघितलंत ना? हा तर यांनी स्वतःच्या हाताने टाकलेला स्लॅब. रविवारी येणाऱ्यांना तर हा स्लॅब म्हणजे नुसतं छप्पर. तो साहेब जेवणाच्या वेळा बघेल, हजेरी बघेल. आणि ही बाई अठरा पोरं टाकून शिडी चढणार? बाबा, याच्याखाली पोरं झोपणार आहेत. दवाखान्यात बादली तरी ठेवता येते."

"आणि आईचा डोळा?"

"मला नका विचारू!" ती एवढ्या जोरात ओरडली की पलीकडे पोरं गप्प झाली. मग हळू आवाजात म्हणाली, "मला दोन्हीकडून फाडू नका. मी दमले बाबा. मी इतकी दमले की मला आता रडायचंही त्राण नाही."

मिस्त्री विटांवर टेकले. सांगायचं तर त्यांनाही रडू येत होतं, पण सवय नव्हती. वरून पाण्याचे थेंब कडेने टपकत होते.

"तू जन्मलीस तेव्हा मी कुठं होतो, ठाऊक आहे?" ते म्हणाले.

"बाहेरगावी. स्लॅबला पाणी मारत होतात. बावीस दिवसांची झाले तेव्हा मला पहिल्यांदा बघितलंत." भिंगरी ओल्या डोळ्यांनी जरा हसली. "आई दर वाढदिवसाला सांगते. आधी औक्षण, मग बावीस दिवस."

"तो स्लॅब कशाचा होता, ते सांगते का ती?"

"नाही."

"मलाही आठवत नाही," मिस्त्री म्हणाले. "कसलं तरी गोदाम असावं. मालकाचा चेहरा आठवत नाही, गावात कुठल्या रस्त्याला होतं ते आठवत नाही. पाडलंही असेल आता. मला वाटायचं, माझ्याशिवाय ते कोण करणार. आणि खरंच होतं ते, दुसरं कुणी केलं नसतं. पण बावीस दिवस गेले ते गेले. तुझी आई त्या खाटेवर एकटी होती, आणि ते मी तिला कधीच भरून देऊ शकलो नाही."

भिंगरी त्यांच्याकडे बघत होती. बाप इतकं एका दमात कधी बोलला नव्हता.

"तू माझ्यावर गेलीस," मिस्त्री म्हणाले. "लोक कौतुकाने म्हणतात, बापाच्या वळणावर गेली. मला त्याची भीती वाटते. तू जा. पाणी मी मारतो."

"तुम्ही? तुमचे गुडघे?"

"पाण्याला कुठं गुडघे लागतात? शिडीला लागतात. दिवसातून दोनदा चढेन. व्हिसा दोन महिन्यांचा आहे, तिकीट पुढं ढकलता येतं, तूच म्हणाली होतीस."

"आई काय म्हणेल?"

"तिनेच सांगितलंय, पोरीला घेऊन या, नाहीतर तुम्ही येऊ नका. मग? मी येत नाही. शब्दाला जागलो!"

भिंगरी हसली, आणि हसता हसता तिचा बांध फुटला. बापाच्या खांद्यावर डोकं ठेवून ती लहान पोरीसारखी हुंदके देऊन रडली. मिस्त्रींनी सिमेंटचा हात तिच्या केसांवरून फिरवला. केस पांढरे झाले, ते दोघांनाही नंतर दिसलं.

शनिवारी सकाळी तुकडीची बस आली. भिंगरीने बापाला एक नवी यादी लिहून दिली, चारी बाजूंनी 'पाणी, पाणी, पाणी' लिहिलेली. लंब्याने मिस्त्रींना पुन्हा उचलून फिरवलं आणि मिस्त्रींनी त्याला पुन्हा शिव्या घातल्या. बस रस्त्याच्या टोकाला वळेपर्यंत भिंगरीचा हात खिडकीबाहेर होता. तीन वर्षांनी पोर घरी निघाली होती, आणि मिस्त्रींना समाधान वाटत होतं. थकलेल्या माणसाला वाटतं तसं, जरा बसावंसं वाटणारं समाधान.

बसले मात्र नाहीत. अकरा वाजत आले होते. त्यांनी गुडघ्यांना पट्टे बांधले आणि ते शिडी चढले, एकेक पायरी, मध्ये दोनदा थांबत. पाळणाघरवाली खालून काहीतरी ओरडली आणि न विचारता नळ सोडून दिला. पाईपला पाणी आलं. मिस्त्री एकेक वाफा भरू लागले.

फोन वाजला. त्यांनी पाईप बगलेत धरला.

"निघालात?" बाईंचा आवाज लगबगीचा होता. "मी भात लावायचा कधी ते विचारतेय."

"भिंगरी निघाली. उद्या दुपारी पोचेल."

"आणि तुम्ही?"

मिस्त्रींनी सगळं सांगितलं. वाफे, झाडू, फडकी, दवाखान्याची चीर. शेवटी, पाठ केल्यासारखा, तो विनोदही केला, की तूच म्हणाली होतीस येऊ नका, म्हणून येत नाही.

पलीकडून हसू आलं नाही. मिस्त्रींना वाटलं, फोन कट झाला.

"अहो," बाई म्हणाल्या, "मी पोरीला आणायला पाठवलं होतं. स्वतःला तिथं ठेवून यायला नव्हतं पाठवलं."

"तुला लेकच हवी होती ना उशाशी?"

"लेक येत नाही म्हणून मी अडून बसले, असं वाटलं तुम्हाला? ऑपरेशनला काय, बहीण होती की. मला भीती वाटते हो. एकच डोळा आहे. पट्टी सोडल्यावर दिसलं तर दिसलं. त्या वेळी, ती झाली तेव्हा, मी एकटीच होते. म्हटलं, या वेळी तरी दोघं पुढ्यात असाल. लेकीला आणायला गेलात की तिच्याबरोबर तुम्हीही आपोआप याल, असा माझा हिशेब होता. घरात असता, पण नुसतं 'माझ्याजवळ बसा' म्हटलं तर तुम्ही कधी बसला असता का?"

सहा वर्षं ते घरातच तर होते. पण सहा वर्षांत त्यांनी तिला कधी विचारलं नव्हतं, भीती वाटते का म्हणून. पाईपचं पाणी एकाच वाफ्यात पडत होतं, तो भरून ओसंडायला लागला.

"मी येतो," ते म्हणाले. "मी बघतो काहीतरी. उद्या तो साहेब येतोय, त्याला सांगून..."

"आणि पाणी कोण मारेल?" बाई म्हणाल्या.

खाली पत्र्याखाली एक पोर किरकिरत होतं, पाळणाघरवाली त्याला थोपटत होती.

"पोरं आहेत ना तिथं खाली? ऐकू येतंय मला." बाईंनी मोठा सुस्कारा टाकला. "राहू दे. आता शिडी चढलाच आहात तर पुरं करा. किती दिवस अजून?"

"दहा."

"दहाचे बावीस करू नका."

"नाही करणार."

"गुरुवारी सकाळी दहाला आत नेतील. फोन भिंगरीजवळ असेल. तुम्ही उचलाल?"

"उचलीन," मिस्त्री म्हणाले. "मी आधीपासून हातात धरून बसेन."

"बरं. मग कोपरे नीट भिजवा. तुम्ही दरवेळी कोपरे विसरता."

त्यांनी फोन ठेवला नाही, बाईंनीही ठेवला नाही. मिस्त्रींनी तो सदऱ्याच्या खिशात तसाच चालू सरकवला, पाईप हातात घेतला आणि कोपऱ्यापासून पुन्हा पाणी मारायला सुरुवात केली.